वहीतलं 'नाय'

अर्धविराम दिसला की आजही माझे कान तापतात. एक टिंब आणि त्याच्याखाली एक स्वल्पविराम, एवढासा तर जीव त्याचा. पनवेलच्या शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं की अर्धविराम म्हणजे थोडं थांबणं. वाक्य अजून संपलेलं नाही, पुढे काहीतरी यायचं आहे. त्याच बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर उभं करून 'नाय नव्हे, नाही' असं दहा वेळा म्हणायला लावलं होतं. दोन्ही धडे मी मन लावून शिकले. पुढे नोकरीत अर्धविरामाचा दुसराच उपयोग कळला, आणि या दोन धड्यांची जिथे गाठ पडली तिथे मी माझ्या बापाला भर सभेत गप्प बसवलं. ते कसं घडलं ते सांगते.

आमचं गाव गव्हाणच्या पुढे, खाडीला चिकटून. बाबांची एक होडी आहे. गावातल्या निम्म्या घरांतली पोरं आता द्रोणागिरीकडे गोदामांत कामाला जातात, पण बाबा पाणी सोडत नाहीत. शिकले सातवीपर्यंत, अक्षर मात्र तलाठ्याला लाजवेल असं. मच्छीमार सोसायटीत काही वर्षं ते लिहायचं काम बघत होते, तेव्हापासून त्यांना रोजची वही ठेवायची खोड लागली. सोसायटी सुटली, वही सुटली नाही. लांब पुठ्ठ्याची वही, रोज एक ओळ, तीन रकाने: तारीख, तिथी आणि काय गावलं ते. तिथी अशासाठी की उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि मरतुकडी भरती, दोन्ही तिथीवर चालतात. तिसऱ्या रकान्यात पाट्यांचा आकडा. दोन पाट्या, साडेतीन पाट्या, आणि कधी मोठा जिताडा मासा लागला तर त्याच्या नावासमोर एक फुली. लहानपणी त्या फुल्या मोजणं हा माझा खेळ होता.

मी पाचवीत गेल्यावर मला पनवेलला मावशीकडे ठेवलं. तिथे मी शिकले, तिथेच लग्न केलं, आणि आता नवीन पनवेलला राहते. संख्याशास्त्राची पदवी घेतली. भाषा तर अशी घासूनपुसून घेतली की लोक मला विचारतात, मूळच्या पुण्याच्या का? मी नुसती हसते. मूळची कुठली, ते मात्र सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नोकरी एका छोट्या संस्थेत. रस्ता, पूल, भराव असं काही व्हायचं असलं की आजूबाजूच्या गावांवर त्याचा काय परिणाम होतो याचे अहवाल आम्ही करतो. माणसं मोजकी. एक साहेब, ज्यांना आम्ही सर म्हणतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण, पनवेलच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली. तिच्या अब्बांनी अर्धं आयुष्य आखातात काढलं आणि आता घरी बसून सगळ्यांना शिस्त लावतात. आकड्यांचं काम आम्हा दोघींकडे. ते आम्ही ज्याच्यावर करतो त्याला नोटबुक म्हणतात, आणि ते खरंच वहीसारखं असतं. चौकटीत आज्ञा लिहायची, तिच्याखाली लगेच उत्तर उमटतं. आलेख काढ म्हटलं की आलेख येतो.

पण तो एकटा येत नाही. त्याच्या डोक्यावर दोनचार ओळींचा मजकूरही येतो: आलेखाच्या कुठल्या खांबात किती नोंदी मोजल्या त्या आकड्यांची एक रांग, खांबांच्या कडा कुठे आहेत त्यांची दुसरी रांग, आणि शेवटी हे चित्र यंत्राने कुठे ठेवलंय त्याचा अगम्य पत्ता. आमच्याकडे हळदीला एकाला बोलावलं की मागून चौघं येतात, तसं. सरांना त्या मजकुराचा तिटकारा. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, चित्र छान आहे, पण वरचा हा कचरा काढा, लोकांना दाखवायचंय.

तो कचरा कसा काढायचा ते मैत्रिणीने शिकवलं. "ओळीच्या शेवटी अर्धविराम टाक," ती म्हणाली, "मुकाट बसेल. माझ्या अब्बांवर चालत नाही एवढंच."

मी टाकला. खरंच मुकाट बसलं. चित्र स्वच्छ, वर एक अक्षर नाही. मला इतका आनंद झाला की मी उभ्या नोटबुकात दिसेल त्या ओळीला अर्धविराम लावत सुटले. इशाऱ्यांचा लालसर मजकूर यायचा, तोही एका आज्ञेने कायमचा बंद करून टाकला. शाळेत बाईंनी माझी बोली पुसली होती तेव्हाही घरी जाऊन मी अशीच खूश झाले होते. स्वच्छपणाचं मला पहिल्यापासून वेड.

मग आमच्याच खाडीचं काम आलं. खाडीच्या तोंडाशी एका रस्त्यासाठी भराव पडला होता आणि पाण्याची वाट अरुंद झाली होती. मासेमारांचं म्हणणं होतं की त्यामुळे मासा आत येत नाही. प्रश्न साधा होता: आमच्या गावची खाडी बाधितांच्या यादीत घ्यायची की नाही. घेतली तर भरावाखालून पाण्याला मोऱ्या ठेवणं बंधनकारक होणार होतं. नाही घेतली तर आहे तसंच राहणार, म्हणजे बाबांची होडी दोनतीन वर्षांत किनाऱ्यावर उलटी पडणार. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरचं दुखणं होतं.

सर म्हणाले, गावकऱ्यांकडून आकडे मिळाले तर बरं, पण मिळतील कसे, हे लोक काही लिहून ठेवतात थोडंच. मला राग आला. लिहून ठेवतात, म्हटलं, मी मिळवून देते. रविवारी गावी गेले आणि बाबांकडे वह्या मागितल्या: भराव पडायच्या आधीच्या वर्षाची एक आणि नंतरच्या वर्षाची एक. बाबांनी दोन्ही वह्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. आपली वही सरकारपुढे जाणार म्हणून त्यांची छाती फुगली होती. निघताना मी त्यांना सांगितलं की या गावातल्या एका मासेमाराच्या वह्या आहेत एवढंच मी ऑफिसात सांगणार, तुम्ही माझे वडील आहात हे नाही. आपल्याच माणसाचे आकडे घेतले असं कुणी म्हणायला नको. बाबा म्हणाले, बराबर हाय.

कारण खोटं नव्हतं. पण खरं कारणही तेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. सर आणि मैत्रीण मला पुण्याची समजतात, ते तसंच राहिलं तर बरं, हे मनात होतंच.

दोन्ही वह्या मी संगणकात उतरवून काढल्या, जसं लिहिलंय तसंच. आणि आलेख काढायला गेले तर यंत्र अडलंच आणि पडदाभर लाल मजकूर आला, इशारे बंद केले तरी चूक ते लपवत नाही. यंत्राला आकडे हवे होते आणि त्याला एक शब्द सापडला होता. इंग्रजी ओळींच्या शेवटी, अवतरणचिन्हांत, देवनागरीत, बाबांचा शब्द: 'नाय'. याचा आकडा करता येत नाही, असं ते म्हणत होतं.

नेमके तेव्हाच सर मागे येऊन उभे होते. ते वाकून वाचायला लागले आणि हसले. नाय? हा काय आकडा आहे का, कोण लिहितं असं, म्हणाले. मैत्रीणही हसली, तिचं हसणं साधं होतं. मीही हसले. असतील कुणीतरी खाडीकडचे, मी म्हणाले, शुद्धलेखनाची बोंबच असते त्यांची. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

सर गेल्यावर मी त्या 'नाय'चा निकाल लावला. एक आज्ञा असते: आकड्यात बसेल ते ठेव, बसणार नाही ते रिकामं कर. तिच्यात जो इंग्रजी शब्द वापरतात त्याचा अर्थच मुळी जबरदस्ती असा आहे. मी ती चालवली. सगळी 'नाय' एका झटक्यात रिकामी झाली आणि रिकामे खण यंत्र मोजत नाही. मग दोन आलेख शेजारी शेजारी काढले, डावीकडे भरावाआधीचं वर्ष, उजवीकडे नंतरचं. अमुक इतक्या पाट्या गावल्या असे दिवस किती, ते खांबांनी दाखवलं होतं. दोन्हींच्या ओळींना अर्धविराम लावला. दोन्ही चित्रं सारखीच दिसत होती, कारण प्रत्येक चित्र आपापल्या मापाने ताणून चौकट भरतं. बाजूचे बारीक आकडे सरांनीच काढायला लावले, पडद्यावर गिचमिड दिसते म्हणून. खाली सरासरी लिहिली. तीही दोन्हीकडे जवळपास तीच. मला थोडं नवल वाटलं. बाबा तर म्हणत होते खाडी मेली. म्हटलं, म्हातारी माणसं, जुन्या दिवसांचं कौतुक असतंच त्यांना.

आता इथे मी 'नाय'चा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हटलं तर ते साफ खोटं होईल. आमच्या खाडीवर होडी परत आली की किनाऱ्यावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया विचारतात, काय गावला? जाळं रिकामं आलं असेल तर होडीवाला नाखवा म्हणतो, नाय. त्या एका शब्दात जेलो व्हतो, म्हणजे गेलो होतो, जाळं टाकलं, भरतीभर बसलो आणि हात हलवत आलो एवढं सगळं येतं. आणि होडी गेलीच नसेल तर कुणी नाय म्हणत नाही. तेव्हा म्हणतात, बंद. बाबांच्या वहीतही दोन्ही शब्द होते. ताप आला, लग्न होतं, वारा फार होता, त्या दिवशी 'बंद'. जाऊन रिकामं आले, त्या दिवशी 'नाय'. बंद म्हणजे रिकामा खण, तो मोजायचा नाही. नाय म्हणजे शून्य, आणि शून्य मोजायचं असतं. पनवेलच्या त्या ऑफिसात हा फरक माहीत असणारी एकच व्यक्ती होती, आणि ती शुद्धलेखनाला हसत होती.

सुनावणी तालुक्याला एका सभागृहात होती, सकाळी अकराला. समोर अधिकारी, मधे पडदा, एका बाजूला लॅपटॉप घेऊन मी, शेजारी मैत्रीण. चित्रं पुढे सरकवायचं काम माझं, बोलायचं सरांचं. आमच्या गावची पाचसहा माणसं दुसऱ्या रांगेत येऊन बसली, त्यांत बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चालू वर्षाची वही. मला बघून ते हसले नाहीत की हात केला नाही. ठरल्याप्रमाणे वागत होते. शेजाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं तर बाबांनी त्याचा हात खाली केला.

सरांनी दोन्ही आलेख दाखवले. उपलब्ध नोंदींनुसार मासे मिळण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळत नाही, असं ते म्हणाले. त्यांचं बोलणं सौम्य आणि स्वच्छ असतं. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचं चित्र मागितलं.

तेव्हा बाबा उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. उभं राहायचं की हात वर करायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं होतं. आपली वही त्यांना पाठ होती, आणि या चित्रांत ती त्यांना सापडत नव्हती.

"यात माजं नाय कुटं हाय?" ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. एक अधिकारी म्हणाले, काय नाही म्हणता तुम्ही? बाबा पुन्हा म्हणाले, नाय कुटं हाय, मी नाय लिवलेला व्हता. मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. नाय कुठे आहे म्हणे, असं एकजण दुसऱ्याला सांगत होता. अधिकारी सरांकडे बघायला लागले, सर माझ्याकडे. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. काय चुकलंय ते मला कळलं होतं का? खरं सांगायचं तर त्या क्षणी कळलं होतं. बाबांनी शब्द उच्चारला आणि किनाऱ्यावरच्या बाया मला दिसल्या. मी त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं: साहेब, यांचं बरोबर आहे, माझी चूक झाली आहे. त्याऐवजी मी लॅपटॉपमागून, माझ्या घासलेल्या, पुसलेल्या, पुण्याच्या मराठीत बोलले.

"काका, आपण बसून घ्या. प्रश्न असेल तर लेखी द्या."

काका म्हणाले मी. जन्मात ज्या माणसाला बाबांशिवाय हाक मारली नाही त्याला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी मला बाय म्हणून हाक मारली आहे; रागावले तरी बाय, लाडात आले तरी बाय. ते किंचित वाकले, जसं कचेरीत टेबलापुढे वाकतात.

"बरं, मॅडम," ते म्हणाले आणि बसले.

ते आमचं ठरलेलं पाळत होते की मला माझी जागा दाखवत होते, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी पुढचं चित्र लावलं.

परतीला मी आणि मैत्रीण एका रिक्षात होतो. पनवेल जवळ आल्यावर ती म्हणाली, "ते तुझे बाबा होते ना? नाक तेच आहे." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चांदण्याची गरजच नव्हती, सगळं नाकावर लिहिलेलं होतं. मी हो म्हटलं आणि रडायला लागले. तिने मला समजावलं वगैरे नाही. ती म्हणाली, अब्बांना मी असं म्हटलं असतं तर अल्लाला तोंड दाखवायची लाज वाटली असती मला. मग म्हणाली, पण नाय म्हणजे काय ते सांग. मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी आम्ही दोघींनी ते नोटबुक उघडलं आणि वरपासून खालपर्यंत एकेक अर्धविराम काढला. दोन आलेखांच्या डोक्यावर तो कचरा परत आला. आकड्यांची रांग, कुठल्या खांबात किती दिवस. मैत्रिणीने कागदावर बेरीज केली. डावीकडची बेरीज वर्षाच्या दिवसांच्या जवळपास जात होती. उजवीकडची निम्म्यालाही पोचत नव्हती. राहिलेले दिवस कुठे गेले, हे त्या पहिल्या दिवशीच कुणीही विचारलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला ते दिसलंच नाही, आणि दिसू नये म्हणून मीच बंदोबस्त केला होता. बंद आणि नाय वेगळे केले, नायच्या जागी शून्य घातलं, दोन्ही चित्रांना एकच माप दिलं. उजव्या चित्रात डाव्या कोपऱ्यात, शून्यावर, एकच खांब उभा राहिला. बाकीचे त्याच्या पायाशी. बाबा म्हणाले होते तसंच होतं. खाडी मेली होती.

सरांना मी सगळं सांगितलं. वह्या कुणाच्या तेही. ते चुकीवर इतके रागावले नाहीत जितके लपवण्यावर रागावले, आणि ते बरोबरच होतं. म्हणाले, आकड्याची चूक मी सांभाळून घेईन, पण वडील आहेत हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी तुम्हालाच विचारलं असतं, हा शब्द काय आहे म्हणून. हसताना मला त्यांनी विचारलं नव्हतं हे खरं, पण मीही कुठे सांगणार होते. त्यांनी मला त्या कामावरून काढलं आणि दुरुस्तीचं पान आपल्या सहीने पाठवलं. लेखी हरकतींची मुदत अजून संपली नव्हती. काही दिवसांनी उत्तर आलं की दुरुस्तीची नोंद घेतली आहे, चालू वर्षाच्या वहीची प्रतही जोडावी, मग फेरविचार होईल. म्हणजे यादीत नाव लागलं नव्हतं, पण दार पुरतं लागलंही नव्हतं.

वही आणायला कुणीतरी जायला हवं होतं. सर म्हणाले, ते तरी तुम्ही करा.

मला जायचं नव्हतं. सुनावणीनंतर मी घरी दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा आईशीच बोलले होते. तिला काही माहीत नव्हतं. बाबांनी घरी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर मला जास्त लाज वाटली. ते ओरडले असते, आईने चार शब्द सुनावले असते, तर निदान हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं असतं.

रविवारी सकाळी गेले. ओहोटी होती, खाडीचा चिखल उन्हात चकाकत होता आणि बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. मला बघून म्हणाले, आयलीस? एवढंच. बाय म्हणाले नाहीत, मॅडमही म्हणाले नाहीत. आईने चहा ठेवला. मी बूट काढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि बोलायला तोंड उघडलं. वाटेत मी पुष्कळ काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काही निघालं नाही. मी म्हटलं, बाबा, मी चुकले, तुमचं नाय मीच काढून टाकलं होतं. ते म्हणाले, समजला मना. मग विचारलं, आता घातलास का परत? घातलं, मी म्हटलं. मग झाला तर, ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला लागले. माफी मागायला आलेल्या माणसाला इतक्या लवकर सोडू नये. मला ती सुटका सुटका वाटली नाही.

वही त्यांनी आतून आणली. ते वाचत जातील आणि मी लॅपटॉपवर उतरवत जाईन असं ठरलं. ते तारीख म्हणायचे, तिथी म्हणायची की नाही ते विचारायचे, मी म्हणा म्हणायचे. एक पाटी. नाय. नाय. बंद, पुतण्याची हळद. नाय. अर्धी पाटी, निस्ती बारीक खरबी. नाय. प्रत्येक नायला मी शून्य टाकत होते. इतकी नाय मी एका बैठकीत कधी ऐकली नव्हती. सभागृहात त्यांना हेच सगळं सांगायचं होतं, एकेक दिवस, आणि मी ते लेखी मागितलं होतं. त्यांनी तर ते आधीपासूनच लेखी दिलेलं होतं.

पान उलटलं आणि सुनावणीची तारीख आली. ती ओळ त्यांनी वाचली नाही, थोडे थांबले. मी वाकून पाहिलं. तारीख, तिथी, आणि तिसऱ्या रकान्यात त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नाय.

त्या दिवशी होडी किनाऱ्यालाच होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळपासून तालुक्याला होते. वहीत कधी चूक न करणारा माणूस. मला वाटलं, त्या गडबडीत त्यांच्या हातून चुकून पडलं असेल, आणि यंत्रात चुकीचा आकडा जायला नको म्हणून मी बोटं उचलून विचारलं. त्यांच्या बोलीत विचारलं, कित्येक वर्षांनी.

"बाबा, या दिशी बंद पायजे ना? तुमी कुटं जेले व्हते खाडीत?"

त्यांनी वहीवरून मान वर केली नाही. त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"जेलो व्हतो ना, बाय," ते म्हणाले. "काय गावला नाय."